पंखवाला राजपुत्र आणि आवणीचा प्रश्न

१८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी लेखकाची अडचण उघड मांडून ठेवली आहे. आम्हा हिंदूंच्या लग्नाच्या चालीरीतीच अशा, की आमच्या आयुष्यात रंगवून सांगण्याजोगे गुणही नाहीत आणि अवगुणही नाहीत; रोजचं पाहिलेलं लिहावं तर त्यात कुणाचं मन रमणार नाही; तेव्हा करमणुकीचं पुस्तक करायचं तर अद्भुताकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. मराठी कादंबरीचा इतिहास शिकवताना ही प्रस्तावना बहुधा हसण्यासाठी वाचून दाखवतात. मला मात्र ती फार प्रामाणिक वाटते. मुलीचं लग्न ती परकरात असतानाच उरकून टाकणाऱ्या समाजात प्रेमकथा लिहायची तरी कुणाची? पुढे १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, तोही बारा वर्षांची मर्यादा घालणारा, आणि तेवढ्यावरून पुण्या-मुंबईत केवढं रण माजलं. त्याच्या तेवीस वर्षं आधी लिहिणाऱ्या माणसाला नायक-नायिकेची भेट घडवायची तर तिला राजकन्या करणं आणि राजवाड्याभोवती अरण्य उभं करणं भागच होतं.

हे आज काढायचं कारण असं की अद्भुतरम्य प्रेमकादंबरी पुन्हा जोरात आली आहे. या वेळी ती इंग्रजीतून आली आहे आणि ती वाचणाऱ्या बहुतेक मुली आहेत. सारा जे. मास यांचं 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५ मध्ये आलं, रेबेका यारोस यांचं 'फोर्थ विंग' २०२३ मध्ये. यारोस यांच्या त्याच मालिकेतल्या 'ऑनिक्स स्टॉर्म' या तिसऱ्या पुस्तकाच्या २७ लाख प्रती जानेवारी २०२५ मध्ये पहिल्याच आठवड्यात खपल्या. पुण्यातल्या फुटपाथवर या पुस्तकांच्या स्वस्त प्रती मिळतात आणि तिथून त्या कुठल्या कुठे जातात. अकोले तालुक्यातल्या राजूरलाही त्या पोचल्या आहेत. मी इथं मराठी शिकवते. राजूरला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, महाविद्यालय आहे, वसतिगृहं आहेत. घाटघर, रतनवाडी, साम्रद, उडदावण्याकडच्या मुली शिकायला इथं येऊन राहतात. भंडारदऱ्याला जाताना पेढे घ्यायला थांबणाऱ्या पर्यटकाला वाटणार नाही, पण या गावात ड्रॅगनची चर्चा चालते.

या प्रकाराबद्दल मराठीत दोनच मतं ऐकू येतात. समीक्षक म्हणतात, पळपुटेपणा. छापणारे म्हणतात, खपतं ना, मग झालं. वाचणारीला काय वाटतं, हे सहसा कुणी विचारत नाही. ते विचारायचं तर आधी थोडं मागं जाऊन पाहावं लागेल, कारण हा वाचक आज जन्मलेला नाही.

छापील कादंबरीचा भाग मी लवकर उरकते. त्यात नावं पुष्कळ आहेत आणि रस बेताचा. १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली. त्याच वर्षापासून कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' बाहेर पडू लागल्या. १८६६ ला हळब्यांची 'रत्नप्रभा', मग रिसबुडांची 'मंजुघोषा' आणि 'विश्वासराव'. सद्गुणी नायिका, तिच्यावर टपलेला दुष्ट, ताटातूट, अचाट योगायोग, शेवटी मीलन. १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहून या सगळ्याची चांगलीच झाडाझडती घेतली आणि संभाव्यतेचा आग्रह धरला. समीक्षेपुरता प्रश्न तिथं निकालात निघाला. वाचकापुरता नाही. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षांत कोण घेतो?' लिहून मराठी कादंबरीला घरातल्या माजघरात आणलं, त्यानंतरही गो. ना. दातार रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांची 'कालिकामूर्ती'सारखी रूपांतरं करत होते आणि लोक ती हातोहात नेत होते. खुद्द हरिभाऊंची पहिली कादंबरी, १८८५ ची 'मधली स्थिती', रेनॉल्ड्सच्याच आधारानं उभी राहिली होती. नाथमाधवांची 'वीरधवल' तर पिढ्यान्‌पिढ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचली.

या पुस्तकांत मला एकच गोष्ट खटकते. त्यांतल्या नायिका काहीच करत नाहीत. त्यांना पळवून नेतात, कोंडतात, सोडवतात. त्यांच्या हाताला काम नाही आणि तोंडात अट नाही. जादू भरपूर, पण ती जादू कुणाच्या घरात शिरत नाही. हे पाश्चात्त्यांकडून आलं म्हणावं तर तसंही नाही. आणि आपल्या जुन्या गोष्टींतून आलं म्हणावं तर मुळीच नाही, कारण आपल्या जुन्या गोष्टी याच्या नेमक्या उलट आहेत. तिथं मात्र थोडं थांबायला हवं.

अकोल्याला प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम म्हणून जागा दाखवतात. तालुक्यातला साखर कारखानाही अगस्तींच्याच नावाचा. अगस्तींची बायको लोपामुद्रा. महाभारताच्या वनपर्वातली त्यांची गोष्ट म्हणजे पक्की अद्भुतरम्य प्रेमकथा आहे. पितरांच्या सांगण्यावरून अगस्ती लग्नाला तयार होतात. मनाजोगी मुलगी दिसत नाही म्हणून निरनिराळ्या प्राण्यांतलं जे जे सुंदर ते ते घेऊन स्वतःच एक मुलगी घडवतात आणि विदर्भाच्या निपुत्रिक राजाकडे वाढायला देतात. ती मोठी झाली की मागायला जातात. इथपर्यंत सगळं पुरुषाच्या मनासारखं. लोपामुद्रा येते, राजवस्त्रं उतरवून वल्कलं नेसते, आश्रमात राबते. आणि मग ऋषींना तिची ओढ वाटू लागल्यावर ती सांगते: माहेरी होता तसा पलंग हवा, अंगावर दागिने हवेत, तुमच्याही अंगावर हवेत, या भगव्या चिंध्यांत मी जवळ येणार नाही. वर पुन्हा, यासाठी तप खर्ची घालायचं नाही. म्हणजे चमत्कार करून पलंग उभा करायचा नाही, मिळवून आणायचा. बिचारे अगस्ती निघतात. एका राजाकडे जातात, तो जमाखर्च पुढं ठेवतो. आय आणि व्यय सारखे. दुसऱ्याकडे तेच, तिसऱ्याकडे तेच. शेवटी इल्वल नावाच्या असुराकडे जाऊन, त्यानं बोकड करून वाढलेला त्याचा भाऊ वातापी पचवून, मग धन घेऊन घरी येतात. समुद्र पिऊन टाकणारा ऋषी बायकोच्या पलंगासाठी तीन राजांच्या जमाखर्चाच्या वह्या तपासतो, हे ज्यानं रचलं त्याला प्रेमकथा कळत होती.

विदर्भाच्याच दुसऱ्या मुलीची गोष्ट, दमयंतीची. स्वयंवरात नळाचंच रूप घेऊन चार देव बसलेले. ती खऱ्या नळाला ओळखते ती कशावरून? त्याला घाम येतो, डोळ्यांची उघडझाप होते, गळ्यातली माळ कोमेजलेली आहे, पाय जमिनीला टेकले आहेत, अंगाची सावली पडते. देवांना यातलं काहीच नाही. तिनं घामावरून नवरा निवडला. रघुनाथ पंडितांपासून मराठीनं हे आख्यान आवडीनं आळवलं. आजच्या इंग्रजी पुस्तकांतली मुलगी बरोबर उलट निवड करते: तिला घाम न येणारा, म्हातारा न होणारा हवा असतो. दोन्ही निवडींची आपापली कारणं आहेत, पण आपली परंपरा कोणत्या बाजूची हे विसरून चालणार नाही.

आणि तिसरी विदर्भकन्या रुक्मिणी. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत 'रुक्मिणीस्वयंवर' पुरं केलं. लग्न जमत नसेल तर मुलीला त्याचं पारायण करायला बसवायची चाल आपल्याकडे अजून आहे. ज्या मुलीनं भावानं ठरवलेलं स्थळ धुडकावलं, स्वतः पत्र धाडून प्रियकराला बोलावलं आणि ऐन लग्नाच्या वेळी देवळातून त्याच्या रथात बसून निघून गेली, तिची पोथी आपण मुलीच्या हातात देतो आणि म्हणतो, वाच म्हणजे आम्ही पाहिलेलं स्थळ जमेल! याच्याइतकी विनोदी गोष्ट मराठी वाचनाच्या इतिहासात दुसरी नसेल. त्या पारायणात बसलेली मुलगी नेमकं काय वाचत असते, हे तिचं तिलाच ठाऊक.

पण पोथ्यांपेक्षाही खंडोबा-बाणाईची गोष्ट मला या प्रकाराच्या गाभ्याशी जवळची वाटते. म्हाळसेशी सारीपाट खेळताना खंडोबा हरतो आणि पणाप्रमाणे बारा वर्षं घर सोडून निघतो. चंदनपुरीला धनगराच्या वाड्यावर म्हाताऱ्याचं सोंग घेऊन चाकरीला राहतो. मेंढरं राखतो, वाड्यातल्या लेंड्या झाडतो. मेंढरं धुवायला सांगितली तर धुण्यासारखी दगडावर आपटून मारतो आणि मग, बाणाई द्याल तर जिवंत करतो, म्हणतो. देव आहे, पण नोकरीला आहे, आणि चाकर म्हणून अगदीच नालायक आहे. धनगरी ओव्यांमधून हे ऐकताना बायका हसतात त्या इथंच. पुढे बाणाई जेजुरीला आली तरी म्हाळसेनं तिला गडावर येऊ दिलं नाही, म्हणून बाणाईचं देऊळ पायऱ्यांच्या अर्ध्या वाटेवर. लिंगायत वाण्याची एक, धनगराची एक. दोन जातींच्या दोन बायका आणि मधे एक देव. झी मराठीवर २०१४ ते २०१७ 'जय मल्हार' चाललं ते भक्तीमुळे, असं कुणाला वाटत असेल तर वाटो. आमच्याकडे बायका स्वयंपाक आटपून बसायच्या त्या बाणाईचं पुढं काय होतं ते पाहायला.

आता या सगळ्यांत समान काय आहे ते पाहा. आपल्याकडचं अद्भुत घरात येतं आणि कामाला लागतं. जनाबाईच्या जात्याशी विठोबा बसतो, नाथांच्या घरी श्रीखंड्या पाणी भरतो, धनगराच्या वाड्यात खंडोबा लेंड्या काढतो. आणि बाई असेल तर ती अट घालते.

कळसूबाईची गोष्ट राजूरच्या मुलांना सांगावी लागत नाही, शिखर समोर दिसतं. कळसू ही कोळ्याची पोर. रानात फिरायची आवड. पायथ्याच्या गावात एका घरी ती कामाला राहिली, पण बोलीवर: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. दिवस बरे गेले. मग एकदा घरातल्या कुणीतरी तिला दोन्ही कामं सांगितली. तिनं मुकाट्यानं केली. भांडी घासून झाली, केर भरून झाला आणि ती डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. भांडी जिथं घासली ती जागा थाळेमेळ म्हणून दाखवतात. या गोष्टीत प्रियकर नाही, म्हणून तिला प्रेमकथा म्हणता येणार नाही. तरी गंगेनं शंतनूला घातलेली अट, उर्वशीनं पुरूरव्याला घातलेली अट आणि कळसूची अट यांची जात एकच. फरक एवढाच की गंगेची आणि उर्वशीची अट गूढ आहे, कळसूची अट कोणत्याही मोलकरणीला कळेल अशी आहे. कराराबाहेरचं काम सांगितलं, करार संपला.

विसाव्या शतकातल्या मराठी कादंबरीला अद्भुताची गरज कमी वाटू लागली, याचंही कारण रिसबुडांच्या प्रस्तावनेतच दडलेलं आहे. मुली कॉलेजात गेल्या. ना. सी. फडक्यांच्या कादंबरीत नायक-नायिका भेटायला टेनिस कोर्ट पुरलं, गंधर्वनगरी लागली नाही. फडक्यांच्या १९२८ च्या कादंबरीचं नाव 'जादूगार', पण आत जादू नाही. ज्यांना तरीही ती हवी होती त्यांच्यासाठी ती पुराणातून आली. खांडेकरांची 'ययाति' १९५९ ची, तिला पुढे ज्ञानपीठ मिळालं ते १९७४ साली. पण ते बाजूला ठेवून तिची एखाद्या वाचनालयातली जीर्ण प्रत चाळा. पानांच्या कडा कुठं काळवंडल्या आहेत ते पाहा. तारुण्याची अदलाबदल, कचाचा शाप, असुरांचा गुरू, सगळं अद्भुतच आहे. तरी वाचणाऱ्या बायका थांबतात ते शर्मिष्ठेपाशी. राजकन्या असून देवयानीची दासी झालेली, राबणारी. ययातीबद्दल वाचकांना फारसं प्रेम नसतं आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. हा माणूस पोराचं तारुण्य उसनं घेतो. कळसूच्या मालकांनी निदान केरच काढायला सांगितला होता.

यानंतर मधली बरीच वर्षं मराठीत हा प्रकार नावापुरताच उरला. नारायण धारपांनी अद्भुत सांभाळलं पण त्यांना भीतीत रस होता, प्रेमात नाही. वाचनालयांतून बायका ज्या प्रेमकादंबऱ्या नेत त्यांत चमत्कार नव्हता. अमीश यांच्या 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा'चा मराठी अनुवाद 'मेलुहाचे मृत्युंजय' आला तेव्हा कितीतरी वर्षांनी पुन्हा अद्भुत आणि प्रेम एका मुखपृष्ठाखाली आलं. लढायांची वर्णनं मला कंटाळवाणी वाटली. पण शिव आणि सती यांच्या मधे लेखकानं 'विकर्म' कायदा उभा केला, गतजन्मीच्या पापामुळे जिला कुणी शिवायचं नाही अशी ती सती, तो भाग भारतीय वाचकाच्या वर्मावर नेमका बसतो. प्रेमकथेला भिंत लागते. अमेरिकन लेखकाला ती शोधून काढावी लागते, आपल्याला ती आयती मिळते.

आता राजूरच्या वसतिगृहात काय चालतं ते सांगते. 'फोर्थ विंग'ची एकच प्रत आहे, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. विज्ञान शाखेतली एक मुलगी मोबाइलमधल्या शब्दकोशाच्या आधारानं ती वाचते आणि रात्री बाकीच्यांना मराठीत सांगते. बाकीच्यांनी पुस्तक उघडलेलंही नाही, तरी त्यांची मतं ठाम आहेत. सांगताना नावं बदलतात. टेर्न हा ड्रॅगन 'थोरला' होतो, आंडार्ना 'धाकली'. युद्धाचे तपशील गळतात, भांडणं वाढतात. हे मी ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा या पुस्तकाबद्दल आदर वाटला, कारण तोंडी सांगून टिकेल एवढा दम सगळ्या कादंबऱ्यांत नसतो.

गोष्ट अशी. व्हायोलेट नावाची मुलगी, सांधे कमकुवत, हाडं पटकन निखळणारी. तिला ग्रंथालयाकडचं शिक्षण घ्यायचं असतं. आई सेनापती, ती तिला जबरदस्तीनं ड्रॅगनस्वारांच्या युद्धशाळेत घालते. हे आमच्या मुलींना समजावून सांगावं लागत नाही. डी.एड. करायचं होतं, नर्सिंगला घातलं, असं सांगणारी एखादी प्रत्येक वर्गात असते. शाळेत रोज सकाळी हजेरीसारखी मेलेल्यांची नावं वाचतात. पहिल्याच दिवशी खोल दरीवरच्या अरुंद दगडी कठड्यावरून चालत जायचं असतं. इथं मात्र उडदावण्याकडच्या मुली पुस्तकाला हसल्या. अलंग-मदन-कुलंगच्या पायथ्याला वाढलेल्यांना तेवढ्यानं घाम फुटत नाही. नायक झेडन हा फसलेल्या बंडाच्या नेत्याचा मुलगा. बाप मारला गेला, पोराच्या अंगावर बंडखोराची पोर म्हणून कायमची खूण. राजूरपासून जवळच देवगावला राघोजी भांगऱ्यांचा जन्म झाला. त्यांना इंग्रजांनी २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. बंडखोराच्या घराकडे सरकार कसं पाहतं, हे या खोऱ्यात कुणाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. झेडन इथं आवडतो तो त्याच्या दंडांमुळे, असं मी म्हणणार नाही. म्हणजे दंडांमुळेही आवडतो.

मास यांच्या पुस्तकाला मात्र इथं कमी गुण मिळाले, आणि का ते ऐकण्यासारखं आहे. फेअर ही तीन बहिणींतली धाकटी. बाप खचलेला, घर चालतं ते तिच्या शिकारीवर. ती रानात एक लांडगा मारते. तो निघतो परीलोकातला. मोबदला म्हणून तिला भिंतीपलीकडच्या राज्यात जाऊन राहावं लागतं. तिथं वाडा आहे, नोकर आहेत, ताट वाढून येतं, ती चित्रं काढते. पुढच्या भागात पंखांचा रायसँड तिच्या आयुष्यात पुरता येतो, ज्याच्यावर जगभरच्या मुली जीव टाकतात. आमच्यातल्या एकीनं विचारलं, "मॅडम, घर चालवणारी हीच ना? मग ही गेल्यावर घरी चूल कशी पेटली?" मी म्हटलं, त्या वाड्याचा मालक टॅमलिन तिच्या घरच्यांना श्रीमंत करून टाकतो. तिला ते पटलं नाही. "पैसे दिले हो. पण आवणीला पैसा असून भागत नाय, माणूस लागतं."

भाताच्या आवणीच्या दिवसांत इथल्या वर्गातल्या अर्ध्या मुली घरी असतात. गुडघाभर चिखलात, इरलं किंवा प्लास्टिकचा कागद पाठीवर घेऊन, वाकून रोपं लावत. त्यामुळे हा प्रश्न तिनं चेष्टेनं विचारलेला नाही. मी त्या पुस्तकावरचे बरेच अभिप्राय वाचले आहेत. हा मुद्दा मला त्यांत कुठं दिसला नाही. आणि मला तो समीक्षेचा उत्तम मुद्दा वाटतो. परीलोक अद्भुत आहे की नाही हे त्याच्या आकाशात किती चंद्र आहेत यावरून ठरत नाही. नायिका उठून गेली की तिच्या वाटचं काम कुणावर पडलं, हे लेखिकेला ठाऊक असेल तर ते जग खरं वाटतं. मास यांनी ते काम पैशानं मिटवलं. यारोस यांच्या शाळेत ते मिटत नाही, तिथं दर पानाला कुणीतरी दमलेलं असतं. म्हणून भाषा बेताची असूनही 'फोर्थ विंग'चा पहिला अर्धा भाग मला जास्त भावतो. दुसरा अर्धा पसरट आहे, आणि पुढच्या 'आयर्न फ्लेम'मध्ये तर तू मला सगळं का सांगितलं नाहीस हे एकच भांडण इतक्या वेळा होतं की ड्रॅगनांची दया येते.

जवळिकीच्या उघड्या वर्णनांबद्दल पालक कुजबुजतात, म्हणून दोन वाक्यं. मराठीत हा वाद नवा नाही. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काकोडकरांना निर्दोष सोडलं. मुलींना मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ती पानं सांगताना गाळतो. पुढं मी विचारलं नाही.

नायकाला जात नसते, हे आकर्षणाचं मोठं कारण आहे, आणि ते कुणी उघडपणे बोलत नाही. रायसँडला आडनाव नाही. परीलोकातल्या राजपुत्राचं गाव कोणतं, पाहुणे कोण, हे विचारायला मामा येऊ शकत नाही. आपल्याकडच्या मुलीला आज कॉलेज आहे, मोबाइल आहे, एसटीचा पास आहे. प्रेमात पडायला फडक्यांच्या नायिकेपेक्षा जास्त जागा आहे. प्रेमाचं पुढं काय करायचं याची जागा मात्र फारशी वाढलेली नाही. रिसबुडांना १८६८ मध्ये ज्या कारणासाठी अद्भुत लागलं, त्याचं निम्मं कारण अजून शिल्लक आहे.

मराठीत नवं काय लिहिलं जातं म्हणाल तर ते बहुतेक फोनवर, प्रतिलिपीसारख्या ॲपवर, भागाभागांनी. त्यातलं पुष्कळ मी वाचलं. हुकमी पिशाच, हुकमी उद्योगपती आणि कराराचं लग्न. करार म्हणजे अटच की, असं कुणी म्हणेल. पण तिथं अट घालतो तो पुरुष, कागद त्याचा, वकील त्याचा. तिच्या हाती फक्त सही. लोपामुद्रेच्या, कळसूच्या भाषेत ही माघार आहे. शिवाय या कथांतली घरं अशी की त्यांत भांडी घासणारं माणूसच दिसत नाही. उद्योगपतीच्या बंगल्यात चहा आपोआप येतो. जादू म्हणून लिहिलेली नाही, पण जादू ती एवढीच.

तेव्हा माझं मत सरळ आहे. या प्रकाराला हलका म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही; आणि इंग्रजीत आज जे खपतं आहे ते या प्रकाराचं शिखर आहे, असंही मला वाटत नाही. आपल्या ताब्यात याहून चांगला माल आहे आणि तो आपण भक्तिमालिकांना आणि पारायणांना देऊन टाकला आहे. रा. चिं. ढेरे यांचं 'खंडोबा' १९६१ साली आलं. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांमध्ये फिरून त्यांची मौखिक परंपरा टिपून ठेवली. वनपर्वाचे मराठी अनुवाद कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात आहेत. विशी-पंचविशीतल्या कुणा मुलीनं बाणाईच्या बाजूनं, पायऱ्यांच्या अर्ध्या वाटेवरच्या त्या देवळातून, तीनशे पानांची कादंबरी लिहावी आणि एखाद्या प्रकाशकानं ती धार्मिक पुस्तकांच्या फडताळात न ठेवता, ड्रॅगन जिथं बसले आहेत त्या फडताळात ठेवावी. लिहिणारीला एकच विनंती: चाकर म्हणून आलेल्या देवाकडून पहिल्या पन्नास पानांत भरपूर काम करून घ्या, आणि बाणाईची अट शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवू नका.